पदवीच्या पहिल्या वर्षाचं समाजशास्त्र: अभ्यास कुठून सुरू करावा

समाजशास्त्राची तोंडओळख करून देणारा पेपर घेतला असेल, तर पहिल्या आठवड्यात व्याख्या पाठ करायला बसू नका. आधी वर्गाकडे नीट बघा. जागा कुणी नेमून दिलेल्या नसतात, तरी दोन-तीन आठवड्यांत त्या ठरून जातात. नेहमीच्या बाकावर दुसरं कुणी दिसलं की येणारा क्षणभर थबकतो आणि बसलेलाही 'तू बसतोस का इथे?' म्हणत सरकायला लागतो. कुठेही न लिहिलेला हक्क दोघांनीही मानलेला असतो. हे घडताना बघा आणि तारीख घालून चार ओळींत लिहून ठेवा. पुढे सामाजिक प्रमाणकांचं, म्हणजे वागण्याच्या सगळ्यांनी मानलेल्या नियमांचं, प्रकरण येईल तेव्हा तुमच्या हातात स्वतःचं उदाहरण असेल, आणि पुस्तकातली व्याख्या त्याला लागू पडते का ते तपासता येईल.

मी बरीच वर्षं पहिल्या वर्षाला हा पेपर शिकवते आहे. मुलं अडतात ती जागा जवळजवळ नेहमी एकच असते. कुटुंब, शाळा, धर्म, लग्न, पैसा हे सगळं रोजच्या पाहण्यातलं, त्यामुळे विषय आपल्याला येतोच असं वाटतं. रसायनशास्त्राच्या पहिल्या तासाला कुणी मत मांडत नाही. इथे प्रत्येकाकडे मत तयार असतं. मत जरूर असावं. पण हा पेपर एक विशिष्ट तऱ्हेचा प्रश्न विचारायला शिकवतो. 'याचं असं का झालं?' इथून सुरुवात करून 'असं कुणाचं जास्त वेळा होतं, कुणाच्या तुलनेत, आणि का?' इथवर यायचं. ही एक सवय वर्षभरात लागली तर बाकीचा अभ्यासक्रम समजायला जड जात नाही. ती लागली नाही, तर पाठांतर कितीही केलं तरी उत्तरं भाषणासारखी होतात.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये एकट्याची अडचण आणि समाजाचा प्रश्न यांतला हा फरक बेकारीच्या उदाहरणाने मांडला. १ लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचं कौशल्य, त्याचा स्वभाव, त्याच्यापुढच्या संधी बघाव्यात. पण ५ कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर दीड कोटी स्वभाव तपासून काही हाती लागणार नाही. तिथे संधींची रचनाच कोसळलेली असते. हे उदाहरण वर्षाच्या सुरुवातीला वहीत उतरवून घ्या आणि प्रत्येक प्रकरणाला लावून बघा. घटस्फोट, परीक्षेतलं अपयश, कर्ज, एकटेपणा, यांत माणसाचं स्वतःचं किती आणि रचनेचं किती, हे प्रत्येक ठिकाणी विचारता येतं.

संकल्पनांची वही

अभ्यासक्रम विद्यापीठागणिक थोडाफार बदलतो, गाभा मात्र सारखा असतो. विषयाची ओळख, संस्थापक विचारवंत, संस्कृती, सामाजिकीकरण, दर्जा (समाजातलं स्थान) आणि भूमिका (त्या स्थानाकडून अपेक्षित वागणं), समूह, सामाजिक संस्था, स्तरीकरण, विचलन आणि नियंत्रण, सामाजिक बदल, आणि संशोधन पद्धतीची तोंडओळख. यात शंभरेक तरी संज्ञा येतात. सगळ्यांना सारखा वेळ देऊ नका. लोकनीती आणि लोकरूढी, प्राथमिक आणि दुय्यम समूह, अर्पित आणि अर्जित दर्जा या जोड्या एका बैठकीत होतात. खरा वेळ द्यायचा तो एकमेकींत मिसळणाऱ्या संज्ञांना.

भूमिका संघर्ष आणि भूमिका ताण घ्या. एक परिचारिका रात्रपाळीला निघाली आहे आणि घरी मूल तापाने फणफणलंय. आई म्हणून थांबावं, परिचारिका म्हणून निघावं. दर्जे दोन, भूमिका दोन, आणि त्यांच्यात ओढाताण: हा भूमिका संघर्ष. आता वर्गप्रतिनिधी घ्या. त्याने गैरहजर मुलांची नावं द्यावीत ही शिक्षकांची अपेक्षा, आणि वर्गाची बाजू सांभाळावी ही मुलांची. दर्जा एकच आहे, पण त्या एकाच भूमिकेकडून दोन ठिकाणच्या अपेक्षा आहेत आणि त्या जुळत नाहीत: हा भूमिका ताण. इथवर पुस्तकातही असतं. वहीत पुढची ओळ तुमची असायला हवी. गैरहजर मुलगा त्या प्रतिनिधीचा जिवलग मित्र असेल तर? मग मित्राची भूमिकाही मध्ये आली, आणि तेच उदाहरण भूमिका संघर्षाकडे झुकलं. संज्ञा कुठे लागू पडते आणि कुठे ताणली जाते, ती सीमारेषा सापडली की संज्ञा पाठ करावी लागत नाही.

प्रत्येक पानावर व्याख्या स्वतःच्या वाक्यात लिहा, स्वतः पाहिलेलं एक उदाहरण द्या, आणि ती संज्ञा न बसणारं एक उदाहरणही द्या. तिसरी गोष्ट मुलं टाळतात. मला विचाराल तर सगळ्यात जास्त शिकणं तिथेच होतं.

विचारवंत वाचताना

ऑगस्ट कॉम्त यांनी १८३८ मध्ये या शास्त्राला नाव दिलं, हे पहिल्याच पानावर येतं. मग मार्क्स, डरखाईम, वेबर. मुलं यांचे जन्म-मृत्यू पाठ करतात आणि तिथेच दमतात. त्याऐवजी प्रत्येकाच्या बाबतीत एकच विचारा: या माणसाला कोणतं कोडं पडलं होतं? मार्क्स यांचं कोडं असं की, उत्पादन एवढं वाढत असताना ते करणारा कामगार कंगाल कसा राहतो. वेबर यांचं असं की, माणसं कुणाचाही हुकूम का मानतात, आणि आधुनिक काळात ते मानणं परंपरेवरून नियमांवर आणि कार्यालयांवर कसं आलं. कोडं कळलं की सिद्धांत हे त्याचं उत्तर म्हणून वाचता येतं.

तुमच्या यादीत तीनच नावं असतील तर आणखी दोन स्वतःहून घाला. हॅरिएट मार्टिनो यांनी १८५३ मध्ये कॉम्त यांचं लेखन संक्षिप्त करून इंग्रजीत आणलं, आणि त्याच्या बऱ्याच आधी, १८३८ मध्येच, परक्या समाजाचं निरीक्षण पद्धतशीरपणे कसं करावं यावर पुस्तक लिहिलं. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात घरोघरी जाऊन माहिती गोळा केली आणि १८९९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीय वस्तीतली गरिबी आणि गुन्हेगारी यांचं कारण वंशात शोधणाऱ्या काळात त्यांनी ते इतिहासात, रोजगारात आणि भेदभावात दाखवून दिलं. ही दोन नावं शेवटी तळटीप म्हणून उरकली जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. माहिती कशी गोळा करावी हे विद्यार्थ्याला त्यांच्याकडूनच जास्त शिकता येतं.

डरखाईम यांच्या १८९७ च्या आत्महत्येच्या अभ्यासावर मात्र सावकाश थांबा, कारण या शास्त्राचं बळ आणि त्याच्या मर्यादा तिथे एकाच ठिकाणी दिसतात. जगातली सर्वांत खासगी वाटणारी कृती घेऊन त्यांनी युरोपातल्या देशांचे दर शेजारी शेजारी मांडले. माणसं दर वर्षी वेगळी, पण एकेका देशाचा दर वर्षानुवर्षं जवळपास तोच. कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंटांत जास्त, विवाहितांपेक्षा अविवाहितांत जास्त, युद्धकाळात कमी. म्हणजे एकेका माणसाच्या दुःखापलीकडे समूहाची वीण किती घट्ट आहे आणि त्याचे नियम किती टिकून आहेत, यांचाही त्यात वाटा असतो. परीक्षेत इथवर सगळेच लिहितात. पुढे दोन शंका लिहा. एक, हे आकडे सरकारी नोंदींचे आहेत. जिथे अशा मृत्यूची लाज जास्त, तिथे तो दुसऱ्या कारणाखाली नोंदवला जाण्याची शक्यताही जास्त. दोन, एखाद्या प्रॉटेस्टंट प्रदेशात दर जास्त आहे यावरून जीव देणारे प्रॉटेस्टंटच होते असं सिद्ध होत नाही. समूहाच्या आकड्यावरून व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढण्याची ही चूक आजही बातम्यांत रोज सापडेल.

एक गोष्ट आवर्जून सांगते. हे प्रकरण शिकताना वर्गात असं कुणीतरी असू शकतं, ज्याने घरातलं माणूस याच कारणाने गमावलंय. चर्चेत उदाहरणं देताना ते ध्यानात ठेवा. आणि तुम्हालाच ते जड जात असेल, तर शिक्षकांना तसं सांगा, विश्वासातल्या माणसाशी बोला. गरिबी, भेदभाव, घरातली हिंसा या प्रकरणांनाही हेच लागू आहे. हा विषय आपल्यातल्याच कुणाच्या तरी आयुष्याबद्दल बोलतो.

तीन दृष्टिकोन, एक परीक्षा

प्रकार्यवाद, संघर्ष दृष्टिकोन, प्रतीकात्मक आंतरक्रियावाद: तिघांची गुणदोषांची यादी करून 'कोणता बरोबर' हे ठरवू नका. एकच गोष्ट घेऊन तिघांना प्रश्न विचारायला लावा. परीक्षाच घ्या. प्रकार्यवादी विचारेल, परीक्षेमुळे समाजाचं कोणतं काम होतं? कोण कोणत्या कामाला योग्य याची चाळणी होते, हे प्रकट कार्य. पण रॉबर्ट मर्टन यांनी शिकवल्याप्रमाणे अप्रकट कार्यही शोधायचं: एका वयाची लाखो मुलं काही वर्षं रोजगाराच्या बाजाराबाहेर राहतात, हे कुणी ठरवून केलेलं नाही, तरी होतं. संघर्षवादी विचारेल, प्रश्नपत्रिका कुणाच्या घरच्या भाषेत आहे, शिकवणी कुणाला परवडते, आणि निकालाला 'गुणवत्ता' म्हटल्याने कुणाची सोय होते? आंतरक्रियावादी वर्गात शिरेल. 'हुशार' आणि 'ढ' ही लेबलं कोण, कधी, कोणत्या स्वरात लावतं, आणि लेबल लागलेलं मूल हात वर करणं कसं सोडून देतं, हे तो बघेल. तिघांना तीन वेगळ्या गोष्टी दिसल्या, आणि एकाची उत्तरं दुसऱ्याच्या प्रश्नाला चालत नाहीत. हे एका विषयावर नीट जमलं की दुसऱ्या विषयावर करायला अर्धा तास पुरतो.

तक्ता वाचायला शिका

आकडे आले की समाजशास्त्राची मुलं पान उलटतात. उलटू नका. लागणारं गणित टक्केवारीपुरतं आहे, आणि विचार मात्र पुरेपूर लागतो. एक काल्पनिक वर्ग घेऊ.

समजा १५० विद्यार्थी आहेत. ९० जणांच्या घरात आधी कुणीतरी पदवीधर आहे. ६० जण घरातले पहिलेच. तासानंतर शिक्षकांना भेटून शंका विचारणारे पहिल्या गटात ३६, दुसऱ्यात १२. घाईत वाचणारा म्हणेल, तिप्पट! पण गट सारखे नाहीत. ९० पैकी ३६ म्हणजे ४० टक्के, ६० पैकी १२ म्हणजे २० टक्के. फरक दुपटीचा. दुसरा कुणी ४८ शंका विचारणाऱ्यांपैकी ३६, म्हणजे ७५ टक्के पदवीधर घरांतले, असं काढेल. गणित बरोबर आहे, पण ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. साधा नियम असा: जे कारण मानताय त्या गटाचा आकडा भागाकारात खाली घ्या.

आता 'का?' वर्गात पहिलं उत्तर हमखास येतं की ती मुलं लाजरी असतात. हे पुन्हा स्वभावावर गेलं. कुणी जास्त विचार केलेला असेल तर म्हणेल की तासानंतर शिक्षकांकडे जाता येतं, जाण्यात कमीपणा नाही, हेच घरातून कळलेलं नसतं. हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पियर बोर्द्यू यांच्या सांस्कृतिक भांडवलाच्या, म्हणजे घरातून नकळत मिळणाऱ्या जाणिवा-सवयींच्या कल्पनेच्या, जवळ जातं, आणि बऱ्याचदा खरंही असतं. पण या वर्गात तसं आहे का, ते तपासायला हवं. म्हणून तिसरी गोष्ट आत आणू: तास संपताच कामावर कुणाला जावं लागतं?

पहिल्या पिढीच्या ६० पैकी ४० जण कामावर जातात. त्यांतले ४ शंका विचारतात, म्हणजे १० टक्के. काम नसलेल्या २० पैकी ८, म्हणजे ४० टक्के. पदवीधर घरांतल्या ९० पैकी कामावर जाणारे १०, त्यांतला १ विचारतो: १० टक्के. उरलेल्या ८० पैकी ३५: जवळपास ४४ टक्के. आता ओळी शेजारी ठेवून बघा. काम करणाऱ्यांत १० विरुद्ध १०. काम न करणाऱ्यांत ४४ विरुद्ध ४०. दुपटीचा फरक जवळजवळ विरघळला. मुलं लाजरी नव्हती, त्यांना वेळ नव्हता.

इथे थांबून 'म्हणजे घराचा काही संबंध नाही' असं लिहिणाऱ्याचे मी गुण कापते. तास संपताच कामावर पळावं लागणं हे कुणाच्या वाट्याला आलंय ते बघा: एका गटात ६० पैकी ४०, दुसऱ्यात ९० पैकी १०. घराचा परिणाम नाहीसा झाला नाही, तो कामाच्या वाटेने पोचला. आणि उपायही बदलतो. लाजरेपणा समजलात तर आत्मविश्वासाचं शिबिर घ्याल; वेळेची अडचण समजलात तर शंकांची वेळ बदलाल. शिवाय १० जणांच्या गटातला १ जण इकडेतिकडे झाला तरी टक्केवारी १० ने हलते, हेही नोंदवा. हे उदाहरण कागदावर स्वतः मांडून बघा, मग गट आणि आकडे बदलून पुन्हा करा. सहसंबंध, कार्यकारण आणि तिसरा घटक या तीन संज्ञांचा अभ्यास यातच झालेला असेल.

निरीक्षणाचा प्रकल्प

पहिल्या वर्षी छोटा प्रकल्प बहुतेक ठिकाणी असतो. 'तरुणांवर समाजमाध्यमांचा परिणाम' असले विषय घेऊ नका. त्यात तरुण कोण, माध्यम कोणतं, परिणाम कशावर, काहीच ठरलेलं नसतं. वाचनालयातलं एक मोठं टेबल घ्या. लोक सामान ठेवून जागा कशी राखतात, अनोळखी माणूस किती खुर्च्या सोडून बसतो, बोलणाऱ्यांना कोण कसं गप्प करतं. तासभर बसा. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे तुम्हाला त्यावरून जे वाटलं ते. 'त्याने घड्याळाकडे पाहिलं' हे डावीकडे, 'तो कंटाळला' हे उजवीकडे. सुरुवातीला सगळं उजवीकडेच जातं. पुन्हा वाचून हलवा.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हॅरॉल्ड गार्फिंकल यांचे प्रयोग वाचून मुलांना उत्साह येतो. त्यांनी विद्यार्थ्यांना स्वतःच्याच घरी थोडा वेळ भाडेकरूसारखं, अतिशय औपचारिकपणे वागायला सांगितलं. घरचे गोंधळले, चिडले, दुखावले. रोजच्या वागण्यामागे किती गृहीतं असतात हे त्यातून लख्ख दिसलं. तुम्ही मात्र हा प्रयोग शिक्षकांना विचारल्याशिवाय करू नका. मुलाखत घ्यायची असेल तर आधी उद्देश सांगा, संमती घ्या, नाव वहीतसुद्धा बदलून लिहा, आणि समोरचा नको म्हणाला तर विषय तिथेच सोडा. लोक आपला वेळ आणि आपलं जगणं तुमच्या हातात देतात. त्याची किंमत गुणांपेक्षा मोठी आहे.

उत्तर लिहिताना

'मानव हा समाजशील प्राणी आहे' या वाक्याने सुरू होणारी उत्तरं गठ्ठेच्या गठ्ठे येतात. वाक्य खोटं नाही, पण त्याने विचारलेला प्रश्न जागचा हलत नाही. समजा प्रश्न आहे, सामाजिकीकरणातली समवयस्क गटाची भूमिका. पहिल्याच वाक्यात फरक मांडा: घरी मूल मोठ्यांनी केलेले नियम पाळायला शिकतं, बरोबरीच्यांत ते नियम ठरवायला, मोडायला आणि भांडून पुन्हा जुळवायला शिकतं. मग जॉर्ज हर्बर्ट मीड यांच्या खेळाच्या दोन अवस्था आणा. आधी नकलेचा खेळ, त्यात एका वेळी एकच भूमिका. नंतर नियमांचा खेळ, त्यात सगळ्या खेळाडूंच्या भूमिका एकदम डोक्यात ठेवाव्या लागतात. मग तुमच्या वहीतलं उदाहरण. शेवटी मर्यादा: मुलगे आणि मुली, कामावर जाणारी मुलं आणि न जाणारी, यांना असा गट सारखाच मिळतो का?

लिहून झालं की उत्तरात 'समाज' हा शब्द कर्ता म्हणून कुठे आलाय ते शोधा. 'समाज मानतो', 'समाज म्हणतो', 'समाजाला चालत नाही'. प्रत्येक ठिकाणी विचारा, समाजातलं कोण? शेजारी, नोकरी देणारे, वयाने मोठे, कायदा, की वर्गातली मुलं? खरा कर्ता सापडला की तो लिहा. सापडला नाही तर त्या मुद्द्याचा अभ्यास अजून राहिलाय; प्रकरण पुन्हा उघडा.

वर्षाच्या शेवटी पुढचे पेपर निवडायची वेळ येते. कुटुंब, शहर, लिंगभाव, शिक्षण, आरोग्य अशी नावं आकर्षक वाटतात आणि ते पेपर चांगलेही असतात. पण निवड तुमच्या हातात असेल, तर संशोधन पद्धतीचा पेपर त्यांच्या आधी घ्या, किंवा निदान सोबत घ्या. नमुना निवड आणि प्रश्नावली एकदा स्वतः करून पाहिली की पुढच्या प्रत्येक पेपरातला दावा वाचताना, हे यांना कळलं कसं, असं तुम्ही न सांगता विचाराल.